बाजाराचा दिवस

बाबांनी, बंडूजींनी, स्वतः स्कूटर काढली आणि वर्षालीला वाटलं, आता काही खरं नाही. एरवी ती बोरगाव मेघेहून वर्धेच्या एस.टी. स्टँडवर ऑटोनं जायची. बाबांना शनिवारी सकाळी दुकान सोडून हलायला फुरसत कुठली, त्यातून दिवाळी सरून लग्नाची भांडी घ्यायला गिऱ्हाईक लागलेलं. पण आज काय मनात आलं देव जाणे, चावी नोकराच्या हातात दिली आणि म्हणाले, "चाल, मी सोडून देतो. तुह्या ताईचे, प्रेरणाचे डबे बी हायत, एकटी कशी नेशील तू?" नको म्हणायला तिच्याजवळ कारण नव्हतं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. स्टीलच्या डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन ती मागच्या सीटवर बसली आणि रस्ताभर देवाकडे एकच गोष्ट मागत राहिली, की स्टँडवर स्वप्निलनं हात हलवू नये.

हलवलाच त्यानं. म्हणजे अर्धा उचलला, मग स्कूटरवरचे बाबा दिसले तशी त्याच हातानं मान खाजवली. त्याच्या शेजारचे भूपेंद्र आणि आचल एकदम पुस्तकांच्या स्टॉलकडे वळले आणि जन्मात पहिल्यांदाच मासिकं पाहत असल्यासारखे पाहू लागले. तिघंही तिच्याच वर्गातले, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी गाडीत चढून तिच्यासाठी खिडकीची जागा धरली, सीट रुमालानं पुसली, डबे पायाशी ठेवले आणि कंडक्टरला सांगितलं, "मास्तर, पोरीले तळेगावले उतरवून देजा. श्यामजी पंताच्या तळेगावले, दुसऱ्या नाई." मग खाली उतरून खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. "उद्या सांजच्या गाडीनं येजो. बाजाराचा दिवस हाय, दुकानात गर्दी राहीन, तरी मी येतो घ्याले. इथंच उभा राहतो." गाडी हलली तरी ते गज न सोडता दोन पावलं बरोबर चालले. वर्षालीला वाटलं, आत्ता उतरावं आणि म्हणावं, बाबा, मी ताईकडे नाही चालले. तोंड उघडलंसुद्धा तिनं. गाडी तोवर फाटकाबाहेर पडली होती.

प्रेरणाताईचं कॉलेज असंच सुटलं होतं, हीच वर्षालीची जुनी धास्ती. ताई सेकंड इयरला होती. आर्वी नाक्यावरच्या रसवंतीत वर्गातल्या एका मुलाबरोबर उसाचा रस पिताना तिला कोणीतरी पाहिलं आणि दुकानात येऊन सांगितलं. घरात आरडाओरडा झाला नाही, कोणी हात उगारला नाही. बाबा त्या रात्री जेवले नाहीत, एवढंच. सकाळी उठून त्यांनी ताईची सायकल धुतली, पुसली आणि माळ्यावर चढवली. उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं, तळेगावच्या धान्याच्या व्यापाऱ्याकडे. चांगलं घर, चांगला मुलगा, नाव ठेवायला जागा नाही. नाव ठेवायला जागा नसते तेव्हा बाई बोलणार तरी काय? फोनवर ताई नेहमी म्हणायची, मजेत आहे मी. या वेळी मात्र वर्षालीनं मैत्रिणींबरोबर धरणाकडे जाते, एक रात्र आचलच्या मावशीकडे राहते, घरी तुझं नाव सांगते, असं सगळं एका दमात सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग ताई म्हणाली, "जा. पाह्यतो मी. पण रविवारी सांजच्या गाडीत बसलेली पाह्यजे तू, समजलं? नाईतर तुही बी सायकल माळ्यावर जाईन." आणि हसली. वर्षालीला हसू आलं नाही.

वाटेतलं आंजी मोठी गाव मागे पडल्यावर आचल उठून तिच्याजवळ येऊन बसली. कंडक्टरनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "तुझे पप्पा किती स्वीट आहेत यार," आचल म्हणाली. वर्षालीनं मान हलवली. स्वीट तर होतेच, तिथंच तर सगळी पंचाईत होती. तळेगावच्या स्टँडवर ताई भाजीची पिशवी घेऊन उभी होती. डबे घेतले, वर्षालीच्या गालाला हात लावला, आणि मग तिची नजर मागून उतरणाऱ्या दोन मुलांकडे गेली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "पोट्टे बी हायत?" तिनं विचारलं, अगदी हळू. वर्षाली म्हणाली, "ताई, अगं, वर्गातलेच..." ताईनं पदर डोक्यावर सारखा केला. "शोभाबाई वाट पाह्यत असतीन," ती म्हणाली. सासूला ती घरात आई म्हणायची, बाहेर शोभाबाई. ती भराभर चालत गेली, वळून न पाहता.

इतकं सगळं करून जायचं होतं कुठं? तर धरणाच्या फुगाऱ्यात, भिंतीमागं तुंबलेल्या पाण्यात, उरलेल्या एका टेकाडावर. भूपेंद्रनं कोणाकडून तरी ऐकलं होतं की पाणी चढलं तेव्हा एक गाव खाली गेलं आणि त्याची वरची आळी तेवढी बेटासारखी राहिली. माणूस नाही, जनावर नाही, चारी बाजूंनी पाणी. स्वप्निलला दूरदेशचे पक्षी बघायचे होते. आचलला फोटो काढायचे होते. वर्षालीला काय हवं होतं हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. वीस वर्षांत अशी एक घटका गेली नव्हती की ती कुठं आहे हे घरात कोणालाच ठाऊक नाही. शाळेत असली तर शाळेत, मामाकडे असली तर मामाकडे, न्हाणीत असली तरी आई बाहेरून विचारायची, किती वेळ गं. एकदा तरी आपण कोणाच्याच हिशेबात नसावं, हे तिला हवं होतं. जीपमध्ये बसताना ते सुख तिला अंगभर जाणवलं. जीप अर्धी रिकामी होती आणि जीपवाला हात सोडून गप्पा मारत होता, "आज बसा ऐसपैस. मंगळवारी या म्हणा, बाजाराच्या गर्दीनं टपावर बी जागा नसते." तेव्हा ते कोणीच कानावर घेतलं नाही. भूपेंद्र त्याच्या भावाचा मोबाइल खिडकीबाहेर धरून टॉवर शोधत होता. तळेगाव सुटल्याबरोबर टॉवर गेला तो गेलाच.

काठावर, जीपवाल्यानं नाव सांगितलेला नत्थूजी त्याच्या लहानशा होडीतलं, डोंग्यातलं पाणी डब्यानं उपसत होता. मासे धरणारा माणूस, बोलायला अगदी सावकाश. भूपेंद्रनं त्याच्याशी हिंदीत सुरुवात केली, "काका, आज छोडना है, और कल..." नत्थूजी त्याच्याकडे पाहत राहिला. कळत नव्हतं असं नाही, पण हा आपल्यातलाच पोरगा आपल्याशी असा का बोलतो, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. वर्षालीला भूपेंद्रची लाज वाटली. आपण काही शहरातून आलेले साहेब नाही हे तिला दाखवायचं होतं, आचललाही दाखवायचं होतं. म्हणून ती पुढे झाली आणि घरच्या बोलीत, अगदी बाबांसारखं म्हणाली, "नत्थूजी, आता सोडून द्या आमाले. अन् बाजाराच्या दिवशी येजा घ्याले, सांज व्हाच्या पहिले."

"बाजाराच्या दिवशी?" नत्थूजीनं चौघांच्या पिशव्यांकडे पाहिलं. "सामान तं लय कमी दिसून राह्यलं तुमचं."

"पुरते आमाले," ती हसून म्हणाली.

"बरं. बाजार करून येतो मंग," नत्थूजी म्हणाला आणि त्यानं बांबू पाण्यात रोवला.

शनिवार चांगला गेला. खोटं कशाला बोला, फार चांगला गेला. टेकाडावर पडक्या घरांची जोती होती, चिंच होती, कडुलिंबाखाली शेंदूर फासलेली मातामाय होती. पक्षी होते, खरंच होते, स्वप्निल त्यांची नावं घेत पळत होता. फक्त एक गोष्ट वर्षालीला पहिल्यापासून खटकली. एका घराचा ओटा शाबूत होता, त्याच्या पायऱ्या खाली उतरत होत्या आणि उतरत उतरत पाण्यात जात होत्या. शेवटची दिसणारी पायरी हिरवी, तिच्याखाली आणखी एक अंधूक, मग काहीच नाही. पाणी येऊन त्या पायरीला लागायचं आणि चुळूक असा आवाज व्हायचा. कोणीतरी बाई या पायऱ्यांवर बसून तांदूळ निवडत असेल, तिला कोणी हाक मारत असेल, किती वेळ गं. चौघांनी त्याच ओट्यावर बसून मुरमुऱ्यांचा चिवडा खाल्ला. भूपेंद्र म्हणाला, "मरण आलं तरी इथून हलणार नाई बे मी." आणि सगळे हसले.

रविवारी दुपार कलली तशा त्यांनी पिशव्या भरल्या आणि त्याच ओट्यावर काठाकडे तोंड करून बसले. पाणी समोर पसरलेलं, वारा पडलेला. पलीकडचा काठ म्हणजे एक तपकिरी रेघ. आधी सगळे बोलत होते, मग कमी बोलू लागले. सूर्य चिंचेच्या शेंड्याला लागला. आचलनं विचारलं, "इतना लेट का करतोय तो?" स्वप्निल चणे चघळत म्हणाला, "येईन बे. बाजार करून येतो म्हनला होता न." बाजार करून. वर्षालीच्या कानात ते शब्द गेले आणि तिथंच अडकून बसले. बाजार करून येतो मंग. रविवारी कोणता बाजार करणार हा? वर्धेला येऊन? इतवाऱ्याच्या बाजारात? एवढ्या लांबून? आणि मग जीपवाल्याचा आवाज, ज्याच्याकडे तिनं लक्षच दिलं नव्हतं, जसाच्या तसा परत आला: मंगळवारी या म्हणा. बाजाराचा दिवस म्हणजे रविवार, हे तिच्या घरात इतकं पक्कं होतं की तिथं रविवार हा शब्दच कोणी वापरत नसे. बाबा म्हणायचे बाजाराच्या दिवशी केस काप, बाजाराच्या दिवशी मामाकडे जाऊ, बाजाराच्या दिवशी तुझी परीक्षा कशी काय ठेवली त्यांनी? तिला कधी सुचलंच नाही की दुसऱ्या गावाचा बाजार दुसऱ्या दिवशी भरतो, आणि तिथल्या माणसाला तोच शब्द त्याच्या दिवसाचा वाटतो. मंगळवार. सामान लय कमी दिसून राह्यलं तुमचं. तो बिचारा विचारतच होता की.

सूर्य शेंड्यावरून बुंध्याकडे उतरेपर्यंत ती नुसती पाण्याकडे बघत बसली आणि तिला पाण्याऐवजी वर्धेचं स्टँड दिसायला लागलं. बाबा लवकर आले असतील. गाडी यायच्या आधीच येऊन स्कूटर स्टँडबाहेर रसाच्या दुकानापाशी लावली असेल, पानसुद्धा खाल्लं नसेल, कारण तोंडात पान असताना मुलीला घ्यायला येणं त्यांना बरं वाटत नाही. आर्वीकडून गाडी आत येते. ते दाराशी जातात. माणसं उतरतात, बायका उतरतात, एक म्हातारा, एक कोंबड्यांची टोपली. ते खिडक्यांतून आत पाहतात. मग त्या कंडक्टरला विचारतात, तोच असेल तर, काल सोडलेली पोरगी नाई आली का? ते पुढच्या गाडीसाठी थांबतात. पुढची येते. तिला बाबांचा शर्ट दिसत होता, पाठीवर घामाचा डाग, थंडी पडली तरी. मग ते समोरच्या एस.टी.डी. बूथमध्ये जातात. तळेगावला घंटी वाजते. ताई दुसऱ्या खोलीत असते, म्हणून फोन शोभाबाई घेतात. वर्षाली? कोन वर्षाली? इथं तं नाई आली. इथं येऊन तिच्या डोळ्यांपुढचं चित्र थांबायचं आणि परत पहिल्यापासून सुरू व्हायचं, गाडी आत येते, ते दाराशी जातात. किती वेळा तरी ते दाराशी गेले. तिला वाटलं आपण ओरडावं, बाबा, घरी जा, मी नाही या गाडीत. काल जे सुख वाटत होतं तेच आता अंगावर आलं होतं. ती कुठं आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ताईला धरण ठाऊक होतं, टेकाड ठाऊक नव्हतं. हे चौघं इथं मेले तरी मंगळवारपर्यंत पाण्याखेरीज कोणाला कळणार नव्हतं. आणि जगले तर? जगले तर सायकल माळ्यावर.

"आज नाही येणार तो," शेवटी ती म्हणाली. "मंगळवारी येईल. त्याचा बाजार मंगळवारचा आहे."

कोणाला काही कळेना. तिनं पुन्हा सांगितलं, सगळं, जीपवाल्यापासून. आचल आधी हसली, तिला गंमत वाटली असावी, मग एकदम रडायलाच लागली, "मतलब दो दिन? हॉस्टेलमधून डायरेक्ट घरी फोन जाईल यार माझ्या." भूपेंद्र उठून उभा राहिला. "तू काऊन मधात बोलली? मी सांगत होतो न त्याले! मी संडे म्हन्लं असतं!" त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं संडे म्हटलं असतं हे खरंच होतं. स्वप्निलनं त्याला खाली बसवलं, "आता कायले भांडून राह्यला बे? आग पेटवू. धूर दिसला तं कोनी येईन." त्यांनी पालापाचोळा गोळा करून पेटवला. धूर सरळ वर गेला, दिसलाही असेल, पण मासे धरणारे रोजच चुली पेटवतात. कोण कशाला येतंय? थंडी वाढली, तसे चौघं एका सतरंजीत शिरले. मुलं पलीकडे, मुली अलीकडे. तेवढ्यातही वर्षालीच्या मनात आलं, हे कोणी पाहिलं तर.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. बिस्किटं संपली होती, धरणाचं पाणी पिऊन आचलच्या पोटात मुरडा येत होता. वर्षाली ओट्यावर बसून मनातल्या मनात बोलणं तयार करत होती. बाबा, मी खोटं बोलले. पण कॉलेजचा यात काय दोष? बाबा, मुलं होती, पण तसं काही नाही, शपथेवर सांगते. बाबा, ताईला काही बोलू नका, बरोबर मुलं आहेत हे तिला ठाऊकच नव्हतं. ते रागावतील, रागावू देत. एकदाचे ओरडतील तर बरं होईल, ओरडणाऱ्या माणसाला उलट ओरडता तरी येतं. तिनं प्रत्येक वाक्याला उत्तर जुळवलं होतं आणि ती उत्तरं पाठ म्हणत होती, तोंडी परीक्षेला जाताना म्हणायची तशी. तेवढ्यात स्वप्निल ओरडला, "डोंगा!"

धुक्यातून आधी बांबू दिसला, मग नत्थूजी, मग मधे बसलेलं काहीतरी पांढरं. आचल नाचायला लागली. वर्षाली उठली नाही. ते पांढरं म्हणजे शर्ट होता, आणि शर्टातला माणूस दोन्ही हातांनी डोंग्याच्या कडा गच्च धरून, डोळे गुडघ्यांवर रोखून बसला होता. बाबा पाण्याला भितात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पवनारच्या नदीत गणपती शिरवायला गेलं तर ते वरच्या पायरीवर उभे राहून तिथूनच हात जोडायचे. भूपेंद्रनं तिचा चेहरा पाहिला आणि त्याला समजलं. "तुह्ये बाबा? अबे स्वप्न्या, चाल, मागे चाल. वर्षा, ऐक, तुमी दोघीच होत्या म्हणून सांगजो. आमी मंगळवारी येतो मागून." तो चिंचेआड पळालासुद्धा. स्वप्निल मात्र घुटमळत उभा राहिला. वर्षालीला क्षणभर ते पटलं. एक खोटं आणखी, शेवटचं. मग तिला एकदम शिसारी आली, स्वतःचीच. "भूप्या, ये इकडे," ती ओरडली. "नत्थूजीनं चार माणसं आणली, तो काय मुका हाय?"

डोंगा टेकायच्या आधीच बाबा उतरले. बुटांसकट, गुडघाभर पाण्यात. पाण्यात उतरलो हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. ते ओट्यापर्यंत आले, त्यांनी हाताची पाठ तिच्या कपाळाला लावली, मग मानेला लावली. "ताप तं नाई?" ते म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, दाढी वाढली होती, डोळे रात्रभर जागलेले. तिनं मान हलवली. ते तिथंच पायरीवर बसले.

"स्कूटरनंच आलो तळेगावले," मग ते सांगू लागले, तिच्याकडे न पाहता. "प्रेरणानं सारं सांगतलं. सासूच्या समोर सांगतलं, लपवलं नाई काई. धरण एवढं मोठं, कुठं पाहू मी? एकेका गावात जाऊन विचारलं, पोरी पाह्यल्या का, पोरी पाह्यल्या का. लोक म्हनत, पाण्यात पाहा." त्यांनी पँटचं ओलं टोक पिळलं. "झुंजूमुंजू झालं तवा हा नत्थूजी भेटला. म्हने चार जन हायत टेकावर, एक पोट्टी म्हने बाजाराच्या दिवशी या. मी म्हन्लं, ही माहीच. दुसरी कोनी रविवारले असं म्हनतच नाई आता." आणि ते हसले. हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि त्यांनी तो दोन्ही हातांत लपवला. वर्षालीनं बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हासुद्धा ते लोकांच्या चहाचं बघत होते. तिला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तो उचलला गेला नाही.

मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. ताईनं भाकरी आणि वांग्याची भाजी दिली होती, चौघांना पुरेल एवढी. "खा," ते म्हणाले, "तुमी बी या रे पोरं हो, लाजू नोका." मुलं चोरासारखी येऊन बसली. भाकरी रात्रीची, पण फडक्यात बांधलेली, अजून मऊ होती. वर्षालीनं घास तोंडात घातला आणि तिचे डोळे भरून आले, भुकेनं की कशानं ते तिलाही सांगता आलं नसतं. ती खात असताना बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि फिरवता फिरवता म्हणाले, एखाद्या गिऱ्हाइकाला समजावतात तशा नरम आवाजात, "परीक्षा देजो तू. फॉर्म भरला हाय तं वाया नाई जाऊ द्याचा. पण रोजचं जाणं आता राहू दे, बेटा. घरून अभ्यास कर. रात्री जे भेव लागलं न मले, ते मले पुन्हा सोसणार नाई. मी मरून जाईन." आणि भाजी संपत आली तशी डब्यातली उरलेली तिच्या भाकरीवर वाढली.

बाबा रागावले असते तर तिच्याकडे उत्तरं तयार होती. यातलं एकही उत्तर इथं बसत नव्हतं. तोंडात त्यांनीच आणलेला घास, पाठीवर त्यांचाच हात. हीच ती भीती, तिला समजलं, गेली कित्येक वर्षं पोटात असलेली. पाण्याची नाही, माराची नाही, या मऊ हाताचीच. ताईच्या वेळीही असाच फिरला असेल हा पाठीवर. तिनं घास गिळला, वर धरणाचं पाणी प्यायलं. मुलं खाली माना घालून खात होती, सगळ्यांना ऐकू आलं होतं. "नाही बाबा," ती म्हणाली. "मी जाणार. उद्या प्रॅक्टिकल आहे."

बाबांचा हात पाठीवर थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ते चिडले नव्हते, ते घाबरले होते, आत्ताच पाण्यात पडल्यासारखे. "पाहू घरी गेल्यावर," ते म्हणाले. नत्थूजी खालून ओरडला, "चला जी, वारा सुटून राह्यला. बसा लवकर."

वारा सुटलाच होता. धुकं विरलं आणि पाणी काळपट दिसायला लागलं. चौघं आणि बाबा मिळून डोंगा भरला, कडा पाण्यापासून जेमतेम वीतभर राहिल्या. टेकाड सुटल्याबरोबर डोंगा एका बाजूला कलला आणि बाबांनी डाव्या हातानं फळी धरली, उजव्यानं वर्षालीचं मनगट. डोळे मिटून घेतले त्यांनी. पहिली लाट आली तेव्हा पकड घट्ट झाली, दुसरीला आणखी. बांगडी हाडात रुतत होती. सोडा म्हणावं असं तिला वाटलं. पण ते बुडायला भीत होते, आणि बुडायला भिणाऱ्याला सोडा कसं म्हणणार? आचलनं एकदा पाहिलं आणि नजर वळवली. ते मला वाचवायला धरून आहेत की स्वतःला, याचा ती विचार करत राहिली, आणि काठ जवळ येत गेला तसं तिला वाटू लागलं की काठ आला की कळेल.

काठावर माणसं जमली होती. हरवलेल्या पोरी मिळाल्या म्हणून लोक पाहायला आले होते. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या आणि त्यांच्यात पुढे, बाबांचा निरोप मिळताच सकाळच्या जीपनं आलेली ताई होती, तिच्याशेजारी शोभाबाई. डोंगा चिखलात घासला. स्वप्निल उतरला, भूपेंद्र उतरला, दोघांनी मिळून आचलला उतरवलं. नत्थूजीनं दोर खुंट्याला बांधला. पाणी मागे राहिलं होतं, खाली जमीन होती, बाबांनी डोळे उघडले होते, सगळं पाहिलं होतं. बोटं तशीच होती. त्यांनी उलट एकदा हलवून मनगट नीट धरलं आणि ते उठायला लागले, तिला धरून, तसेच, स्कूटरकडे.

वर्षाली उठली नाही. सगळे पाहत होते, ताई पाहत होती. बाबांच्या तोंडाकडे पाहिलं तर हे बोलणं जन्मात जमणार नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"बाबा, हात सोडा," ती म्हणाली. आवाज फाटला, पण काठावरच्या सगळ्यांना ऐकू गेला.